आबांनी बांधलेला गडी

मी माझ्या गड्याला सहा फूट आठ इंच उंची दिली, वजन खेळात चालेल तेवढं कमीत कमी ठेवलं आणि हातातले जवळजवळ सगळे गुण त्याच्या पळण्यावर लावले. ही चूक होती. त्याला पळायचं नव्हतंच. त्याला एका जागी उभं राहून ढकलून घ्यायचं होतं.

खेळ अमेरिकेतल्या फुटबॉलचा. आपला पायाने खेळायचा नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू बगलेत मारून पळायचं आणि हेल्मेट घातलेल्या बावीस जणांनी एकमेकांवर आदळायचं, असला प्रकार. टीव्हीला जोडून, इंटरनेटवरून कुठल्याही देशातल्या लोकांबरोबर खेळायचा. सुरुवातीला आपला एक माणूस तयार करावा लागतो. उंची, वजन, ताकद, वेग, तोल, उडी, दम, असे खाने असतात; ठरावीक गुण मिळतात, ते त्यांत वाटायचे. एकदा 'पक्कं' केलं की त्यात फेरफार नाही. नको असला तर तो टाकून नवा गडी शून्यापासून. मला दिलेली जागा बचावाच्या फळीतली, अगदी मधली. समोरच्यांचा चेंडू जिथून निघतो तिथं, त्याच्या नाकासमोर, एक हात जमिनीला टेकवून बसायचं. चेंडू हलला की दोन आडदांड अंगावर येतात. त्यांना तिथंच धरून ठेवायचं, म्हणजे आपले बाकीचे मोकळे होतात. टाळ्या त्यांना. आपल्याला नुसती गर्दी.

माझा गडी दिसायला देखणा होता. मिशी ठेवली होती. पहिल्या झटक्याला तो उताणा पडला. दुसऱ्यालाही. पहिल्या रविवारी मी पडल्या पडल्या अमेरिकेचं आकाश इतकं बघितलं की ढग ओळखीचे झाले.

हे मी करमणुकीसाठी करत होतो असं कुणी समजू नये. त्या संघाचा कप्तान माझा धाकटा भाऊ होता. तो अमेरिकेत, मी सांगलीत, आणि एका वर्षात आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नव्हतो.

त्याचं कारण मी. त्याची तिकडची नोकरी गेली होती. दुसरी मिळेपर्यंत तो एका मित्राच्या हॉटेलात भांडी घासत होता. हे त्यानं मला एकट्याला सांगितलं, वर बजावलं की कुणाला बोलू नकोस. मी कुणालाच बोललो नाही, फक्त बायकोला बोललो. तेही कुपवाडच्या कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत, आवाज रेकॉर्ड करून: "इंजिनिअर साहेब ताटं घासायला लागले बरं का." आणि पुढे हसलो. तो निरोप बायकोला न जाता घरच्या ग्रुपवर गेला. त्रेचाळीस माणसं. चूक लक्षात आल्याबरोबर मी तो पुसला, पण घाईत फक्त माझ्यापुरता पुसला. म्हणजे मला तो दिसेना आणि मी निर्धास्त झालो. बाकी बेचाळीस जण दिवसभर ऐकत होते. संध्याकाळी भाऊ ग्रुपमधून बाहेर पडला.

वर्षानं त्याचा एक निरोप आला. 'टीमला मधला माणूस पाहिजे. रविवारी सकाळी तुमच्या नऊला. जमेल?' एवढाच. ना दादा, ना काही. मी त्या दिवशीच खेळाचं यंत्र विकत आणलं. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी सहा फूट आठ इंचाचा उताणा माणूस घेऊन किती रविवार टिकणार?

तर आता आबा.

आबा म्हणजे आमचे घरमालक. विश्रामबागेच्या मागे त्यांचं बैठं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मूळचे पाटणकडचे. उभी नोकरी कोयनानगरला धरणावर झालेली, तीही पोटातली. धरणाच्या आत बोगद्यासारखी वाट असते. कुठल्याही धरणात थोडं पाणी झिरपतंच. ते किती झिरपतं हे मोजणं हे आबांचं काम. बादली, घड्याळ, वही. लोक धरण बघायला वर जातात. आबांनी ते तीस वर्षं आतून बघितलं.

निवृत्त झाल्यावर बाकीचे शेती बघतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरतात. आबा आमच्या न्हाणीघरातला नळ मोजायचे. तो नळ गळायचा. राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तक्रार केली. आबा बादली आणि घड्याळ घेऊन आले, नळाखाली उकिडवे बसले, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "दोन वरसं झाली, तेवढंच हाय. तब्येत चांगली हाय त्येची."

"आबा, वायसर बदलला की थांबेल."

"थांबंल. मग मला कसं कळायचं आत काय चाललंय ते?"

नळ तसाच राहिला. दर महिन्याच्या एक तारखेला त्याची तपासणी व्हायची. माझी बायको त्या दिवशी आठवणीनं न्हाणीघर घासून ठेवायची, जणू डॉक्टर यायचे आहेत.

भाडेकरू ठेवायची त्यांची रीतही वेगळी होती. लोक आधी जात विचारतात, मग नोकरी विचारतात. आबांनी मला अंगणात उभं केलं, छातीवर पंजा ठेवला आणि ढकललं. मी चपलांच्या मांडणीत गेलो. मला उठवत ते म्हणाले, "पाय जोडून उभा ऱ्हातोस. हापिसात खुर्चीवर असशील." मी म्हटलं, खरेदी विभागात आहे. "दिसतंयच की. ऱ्हा." बायकोला ढकलायचा प्रश्न नव्हता, पण तिनं आपण होऊनच दाराची चौकट धरली. आबा खुश झाले. "हिला समजतंय," म्हणाले.

लहानपणी त्यांनी कोयनेचा मोठा हादरा अनुभवला होता. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच सांगितलं की आईनं सगळ्या पोरांना बाहेर काढलं, मोजलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत आत गेली. बाहेर आली ती शेजाऱ्याची शेळी घेऊन. "आमच्या घरात शेरडू कसं शिरलं ते अजून कळलं न्हाई," एवढंच. पण त्यांच्या घरात पलंग नेहमी दाराच्या रेषेत, चपला उशाशी, बोटं बाहेरच्या बाजूला. भिंतीत खिळा ठोकायला बंदी. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा, कधीही, शिट्टी. शिट्टी वाजली की दहा अंक मोजायच्या आत सगळ्यांनी अंगणात. मी एकदा साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेलवर आलो, तर आबांनी वहीत 'सात' लिहिलं आणि म्हणाले, "घसरून आलास म्हणून सात. कोरडा असतास तर बारा." हे सगळं सांगलीत, जिथं हादऱ्यानं फार तर मांडणीतला पेला वाजतो.

आता ते खंडाळ्याला लेकीकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. परवा फोनवर सांगत होते की जावयाला चौदा लागतात. पोटाचा घेर फार.

तर एका रविवारी आबा मागच्या भिंतीची ओल बघायला आमच्या खोलीत आले. मी खेळत होतो, म्हणजे पडत होतो. आबांनी भिंतीला खांदा लावून बघितलं (ते कुठल्याही भिंतीला आधी खांदा लावायचे, मग बोलायचे) आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं.

"ह्यो उंट कोन?"

"मी आहे, आबा."

"पडतोस कशाला सारखा?"

मी संघाशी बोलायचं कानातलं यंत्र बंद करून त्यांना खेळ समजावून सांगितला. भाऊ, वर्षभराचा अबोला, त्रेचाळीस माणसं, हेही सांगितलं. एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. शेवटी म्हटलं, "असाच पडत राहिलो तर तो मला काढून टाकेल, आबा. मग बोलायला काही कारणच उरणार नाही."

आबा टीव्हीकडे बघत राहिले. "पानी कुठनं येतंय?"

"समोरून."

"आनि ह्येनं अडवायचं."

"हो."

"आरं, मग ही भित हाय. भितीला पळायला लावतोस व्हय? उद्या नवा बांधू. काय काय खाने हायत ते लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते प्लास्टिकची खुर्ची आणि वही घेऊन आले. मी एकेक खाना वाचायचा, त्यांनी आकडा सांगायचा. उंची त्यांनी उतरवत उतरवत सहा फुटांवर आणली. "वर निमुळतं, खाली रुंद. धरान कवा उलटं बघितलंयस?" वजन दीडशे किलोच्या वर नेलं. ताकद भरपूर, तोल त्याहून भरपूर. वेगाला त्यांनी नाक मुरडलं. "पानी आपल्या पायानं येतंय. ह्येला जायचं कुठंय?" उडीला शून्य. दमाला थोडं, कारण शेवटच्या तासाला बांध दमलेला चालत नाही. माझी समजूत होती की आता संपलं. पण हातात अजून मूठभर गुण शिल्लक होते आणि मी ते गुपचूप वेगात सरकवायच्या बेतात होतो.

"थांब. बघण्याचं काय न्हाई का त्यात?"

होतं. समोरच्याच्या हालचालीवरून चेंडू कुठं निघणार हे ओळखण्याचा एक खाना अगदी तळाला होता. मी तो वाचलाही नव्हता.

"समदं त्यात घाल. आत बसलेल्याला आवाज कळाया पायजे. मी अंधारात थेंबाच्या आवाजावरनं सांगायचो, आज किती हाय. बादली नंतर."

मी 'पक्कं' करायला गेलो तर माझा हात धरला. आकडा आज लिहायचा, उद्या आपणच परत मोजायचा आणि परवा दुसऱ्या माणसानं मोजायचा, ही त्यांची धरणावरची शिस्त. दुसरा माणूस म्हणून माझ्या बायकोला बसवलं. तिनं सगळे आकडे नीट तपासले, एक बेरजेची चूक काढली, आणि गड्याकडे बघून म्हणाली, "हा तर तुमच्या थोरल्या मामांसारखा दिसतोय. मिशी तेवढी काढा, मला त्यांनाच जेवण वाढत असल्यासारखं वाटतंय."

मिशी काढली. बुधवारी 'पक्कं' केलं.

त्या रविवारी काय झालं ते मला आजही सांगावंसं वाटतं. चेंडू हलला, दोघं अंगावर आले, आणि काही झालं नाही. म्हणजे खरोखरच काही झालं नाही. तिघं एकमेकांना टेकून उभे राहिले, चहाच्या टपरीवर राहतात तसे. मागून आमच्या कुणीतरी जाऊन चेंडूवाल्याला पाडलं. आबा खुर्चीत माझ्या पाठीमागे बसून "बूड खाली, बूड खाली ठेव" म्हणत होते. ते गड्याला म्हणत होते की मला, कळत नव्हतं, म्हणून मी दोघांचंही खाली ठेवलं. एकदाही पडलो नाही. सामना जिंकलो. भावाच्या नव्या ऑफिसातले गोरे लोक इंग्रजीत माझं नाव वेडंवाकडं उच्चारून कौतुक करत होते.

भाऊ काही बोलला नाही.

पुढच्या रविवारीही नाही. आधी निदान "डावीकडं बघ", "ऊठ", "झालं, ऊठ" एवढं तरी कानात यायचं. आता ऊठ म्हणायचं कारण उरलं नव्हतं. एक गोष्ट तेवढी बरी झाली होती. आधी, मी पडलो की, त्याच्या खोकल्याची उबळ ऐकू यायची. तिकडे थंडी फार, मी आईला फोन करून कळवलंही होतं. आईनं ज्येष्ठमध, अडुळसा आणि आलं घालून काढ्याची पुडी करायला घेतली होती. गड्याच्या पडण्याबरोबर खोकलाही थांबला. मी आईला कळवलं, उतार आहे.

तिसऱ्या रविवारी सामना संपला, बाकीचे निघून गेले आणि भाऊ म्हणाला, "पुढच्या रविवारपासनं मला जमंल असं वाटत न्हाई. बघतो." त्या "बघतो"चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी कानातल्या यंत्रावर हात ठेवून मागे वळलो. "आबा, हा सोडून चाललाय. आता तर मी पडतही नाही."

आबांनी सावकाश चष्मा काढला. "बोलतो का त्यो?"

"काहीच नाही. आधी खोकायचा तरी. आता तेही नाही."

"कवापासनं न्हाई?"

"नवा गडी आला तेव्हापासून."

आबांचा चेहरा नळाखाली बसल्यावर व्हायचा तसा झाला. "जे धरान थेंबभर गळत न्हाई, त्येच्या खाली मी झोपत न्हाई," ते म्हणाले. "त्येचा आवाज भाईर काढ."

मी आवाज टीव्हीवर घेतला. आबांनी माझ्या कानातलं यंत्र काढून तोंडाजवळ धरलं, जत्रेत ध्वनिक्षेपक धरतात तसं.

"पोरा, मी ह्याचा घरमालक. ह्यो मधला मानूस मी बांधलाय."

तिकडून, "चांगला बांधलाय, आबा. हालत न्हाई."

"मग तू खुश का न्हाईस?"

"हाय की खुश."

"न्हाईस. ह्यो म्हनतो तुला खोकला हुता. ह्यो पडायचा बंद झाला आनि तुजा खोकला गेला. कशानं गेला?"

मी आबांच्या बाहीला हात लावला. एवढ्या कष्टानं तीन महिने न बोलता टिकवलेलं सगळं हा माणूस दोन वाक्यांत घालवणार, असं मला वाटलं. आबांनी हात झटकला.

टीव्हीतून आली तीच खोकल्याची उबळ. आधी दाबलेली, मग मोकळी. खोकला नव्हताच तो. माझा भाऊ हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो तसा, लहानपणी हसायचा तसा.

"आबा, खोकला नव्हता त्यो."

"ठावं हाय मला."

"दादा उताना पडायचा, आबा. एवढा लांबडा, मिशी लावून. एका सामन्यात चाळीस-चाळीस येळा. मी सोमवारपासनं तुमच्या रविवारची वाट बघायचो. लय बरं वाटायचं." मग म्हणाला, "मग हे पिंप आलं. मजाच गेली."

आबांनी यंत्र माझ्या हातात दिलं. "बोल."

"काय बोलू?"

"मला इचारतोस? भाऊ कुनाचा?"

मी पुष्कळ बोलणारा माणूस आहे. पण त्या दिवशी माझ्याकडे तीनच वाक्यं होती, आणि तीही एकमेकांत अडकली होती. मी म्हटलं की ते त्या मेसेजचं, म्हणजे मी तो पाठवायला नको होता, म्हणजे पाठवला तो वहिनीला होता.

"चुकून गेला ते मला तवाच कळलं, दादा," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हसलास ते चुकून न्हवतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

बायको दारात येऊन उभी राहिली होती. आबा भिंतीकडे तोंड करून ओल तपासत होते.

"तू मला एकट्याला सांगितलंस आणि मी हसलो. माझं चुकलं रे. वर्षभर हे तोंडाशी येत होतं."

"मग आलं का न्हाई?"

"लाज वाटत होती."

तो म्हणाला, "मला त्या येळी रात्री हात भाजायचे, दादा. गरम पान्यानं. तुला तेच सांगायचं हुतं म्हनून फोन केलता. तेवढं सांगायचं राह्यलंच." आणि मग त्यानं सांगितलं. हॉटेलातल्या वाफेचं, हातमोजे पुरायचे नाहीत त्याचं, शेजारी भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्याचं, ज्यानं त्याला हा खेळ शिकवला. मी एकदाही मधे बोललो नाही. माझ्या आयुष्यात असं फारच कमी वेळा घडलं आहे. पाऊण तास झाला. शेवटी तो म्हणाला, "आईला सांग, काढा पाठवू नको. कस्टमवाले मला धरतील." आणि मग, "रविवारी नऊला ये, दादा." बोलावण्याला जोडलेलं ते 'दादा' ऐकून बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला गेली.

मी हलका झालो होतो, इतका की खुर्चीतून उठताना तोल गेला. आबांच्या पाया पडलो. त्यांना ते आवडायचं नाही, पण मी पडलो. म्हटलं, "आबा, तुमच्यामुळं झालं. तुम्ही नसता तर हा बोललाच नसता."

आबांनी वही काखेत मारली, चपला शोधल्या. "माज्यामुळं कशाचं? त्ये पोरगं वरसभर बोलायला तयारच हुतं. मधी तूच आडवा पडला हुतास, दीडशे किलोचा."